साखरेत घोळले तरी कडूच

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



गुढीपाडव्याला आपल्याकडे कडुनिंबाची चटणी करतात. कोवळा पाला, फुलोरा, थोडा ओवा, हिंग, मीठ आणि गूळ. गूळ कशासाठी, हे सांगायला नको. पोरे तोंड वाकडे करू लागली की आजी आणखी एक खडा घालते आणि चटणी घशाखाली उतरते. म्हणजे आपल्या जिभेपुरते बोलायचे, तर गोडाने कडू बरेचसे झाकता येते. औषधाच्या कडू गोळीला साखरेचा लेप देतात तो याच भरवशावर.

पण आपल्याच भाषेत एक म्हण आहे, 'कडू कारले, तुपात तळले, साखरेत घोळले, तरी कडू ते कडूच.' ही म्हण आपण माणसांच्या स्वभावाला लावतो. मी प्राणिशास्त्राचा शिक्षक. मला वाटते, ती खरी लागू पडते कीटकांना. कीटकाच्या बाबतीत गोडाने कडू झाकत नाही, उलट कडूमुळे गोडच नाहीसे होते. हे कसे घडते आणि आपल्या जालना जिल्ह्यातील कपाशी, तूर, हरभरा, मोसंबी करणाऱ्या शेतकऱ्याचा त्याच्याशी काय संबंध, हे आज सांगायचे आहे.

आधी एक प्रश्न. माशीची जीभ कुठे असते? सोंडेच्या टोकाशी, असे उत्तर मिळते. ते बरोबर आहे, पण अर्धेच. माशी पायांनीही चव घेते. फुलपाखरू पानावर उतरून पाय आपटते, ते अंडी घालण्याआधी पानाची चव पाहत असते. अमेरिकेतील ड्वाइट मिनिच या प्राणिशास्त्रज्ञाने १९२१ सालीच दाखवून दिले होते, की उपाशी फुलपाखराच्या पायाला साखरेचे पाणी लागले की त्याची गुंडाळलेली सोंड आपोआप उलगडते.

हा प्रयोग महाविद्यालयात मी दरवर्षी माशीवर करून दाखवतो. उपाशी ठेवलेली माशी पंखांकडून मेणाने काडीला चिकटवायची. आधी तिला साधे पाणी पोटभर पाजायचे, म्हणजे तहानेचा गोंधळ राहत नाही. मग तिचा पुढचा पाय साखरेच्या पाण्याला टेकवायचा. क्षणात सोंड बाहेर येते. आता त्याच साखरेच्या पाण्यात कोयनेल, म्हणजे क्विनाइन, मिसळायचे आणि पाय पुन्हा टेकवायचा. सोंड आत ती आतच. साखर तेवढीच आहे, एक कणही कमी केलेला नाही. तरी माशी असे वागते, की जणू साखर तिथे नाहीच. तिने एक थेंबही प्यालेला नसतो. निर्णय पायातच झालेला असतो.

पायातला हा न्यायनिवाडा कोण करते? कीटकांच्या पायांवर आणि तोंडाभोवती बारीक केस असतात. काही केस आतून पोकळ असतात आणि त्यांच्या टोकाला एक सूक्ष्म छिद्र असते. केसात द्रव भरलेला असतो आणि त्या द्रवात दोन ते चार चेतापेशींची टोके पोहोचलेली असतात. प्रत्येकीचे काम वाटून दिलेले. एक गोडाची, एक पाण्याची, एक मिठाची, एक कडूची. १९५५ साली हॉजसन, लेटविन आणि रोडर या अमेरिकी शास्त्रज्ञांनी एक युक्ती काढली. काचेच्या अतिबारीक नळीत चव घ्यायचा द्रव भरायचा, ती नळी माशीच्या एका केसावर टोपीसारखी चढवायची आणि त्याच नळीतून पेशीचे विद्युत्‌संदेश टिपायचे. एकट्या केसाला काय चव लागते, हे माणसाला तेव्हापासून 'ऐकता' येऊ लागले.

या पेशींना चव ओळखून देणारी प्रथिने कोणती, हे कळायला २००० साल उजाडावे लागले. पिकलेल्या केळ्यावर घोंघावणारी इवली फळमाशी आपण रोज पाहतो. तिच्या चवीच्या ग्राहकांची जनुके त्या वर्षी सापडली. कुलपात ठरावीक किल्लीच बसावी तसा या ग्राहकांत ठरावीक पदार्थ बसतो. फळमाशीत अशी सुमारे साठ जनुके आहेत. मधमाशीत ती जेमतेम दहाच्या आसपास आहेत. तिचा संसार फुलांशी, आणि फुले तिला बोलावतच असतात. याउलट आपल्या ओळखीची घाटेअळी पाहा. हरभऱ्याचे घाटे, तुरीच्या शेंगा, कपाशीची बोंडे, टोमॅटो, हिला काहीही चालते. तिच्यात अशी जनुके दोनशेच्या घरात आहेत. दहा घरचे अन्न खाणाऱ्याला दहा घरचे विष ओळखावे लागते, ते असे.

आता मूळ मुद्दा. साखरेबरोबर कडू आले की कीटकात नेमके काय होते? पूर्वी समज असा होता, की गोडाची पेशी 'खा' म्हणते, कडूची पेशी 'नको' म्हणते आणि मेंदू दोन्हींची बेरीज-वजाबाकी करतो. हे खरे आहे, पण पुरे नाही. 'नको' हा आवाज मोठा होतो, एवढ्यावर भागत नाही. 'खा' म्हणणाऱ्याचे तोंडच दाबले जाते.

२०१३ साली अमेरिकेत क्रेग माँटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फळमाशीत याचा एक दुवा शोधला. केसातल्या त्या द्रवात एक छोटे प्रथिन तरंगत असते. कडू पदार्थाचा कण आत आला की हे प्रथिन त्याला धरते आणि गोडाच्या पेशीपाशी जाऊन तिचे काम मंदावते. म्हणजे साखर समोर असूनही गोडाची पेशी नेहमीसारखा संदेश पाठवत नाही. हे प्रथिन नसलेल्या माश्या तयार केल्या, तेव्हा त्यांची कडूची पेशी व्यवस्थित काम करत होती, पण कडूमिश्रित साखर त्या इतर माश्यांपेक्षा अधिक खात होत्या. पुढच्याच वर्षी कॅनडातील संशोधकांनी दुसरा पहारा दाखवला. गोडाचा संदेश मेंदूत पोहोचतो त्या उंबरठ्यावरही कडूचा संदेश त्याला अडवतो. म्हणजे एक कुलूप केसात आणि दुसरे मेंदूच्या दारात.

एवढी कडेकोट व्यवस्था कशासाठी? निसर्गात विष सुटे मिळत नाही. पानात साखर असते आणि त्याच पानात झाडाने स्वतःच्या रक्षणासाठी साठवलेले कडू रसायनही असते. झाड पळू शकत नाही, म्हणून ते कडू होते. साखरेच्या मोहाने जो कीटक वाहवत गेला तो मेला, आणि ज्याच्या जिभेने कडू लागताच गोड बंद केले तो जगला. त्याचीच प्रजा आज आपल्या शेतात आहे.

माशीवरून अळीकडे येऊ. अळीच्या जबड्यालगत दोन्ही बाजूंना चव घेणारे दोन-दोन सूक्ष्म कोंब असतात आणि प्रत्येकात चार चेतापेशी. सगळ्या मिळून सोळा. पान खायचे की सोडायचे, हा निर्णय अळी मुख्यतः या सोळा पेशींच्या जोरावर घेते. नेदरलँड्समधील शूनहोवेन यांनी कोबीवरील फुलपाखराच्या अळीवर अशा पेशींचा अभ्यास केला. कडुनिंबाच्या भाऊबंदांतला बकाण आपल्याला माहीत आहे. त्या जातीच्या झाडातले एक कडू द्रव्य त्यांनी लुओ यांच्याबरोबर तपासले. १९९४ साली त्यांनी लिहिले, की हे द्रव्य कडूची पेशी जागी करतेच, शिवाय साखरेची पेशी मंदावते आणि कोबीची खास चव ओळखणारी पेशीही मंदावते. अळीला कोबी कोबीसारखा लागतच नाही. तिच्यापुढचे ताट कडू होते आणि बेचवही होते.

कडुनिंबाची कथा आपल्याच देशात घडलेली आहे. १९६२ साली टोळधाड आली असताना दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतील डॉ. एस. प्रधान यांनी उभ्या पिकांवर निंबोळीच्या गराचे पाणी फवारले. टोळ पिकावर उतरले, पण फवारलेले पीक त्यांनी खाल्ले नाही. त्याआधी १९५९ साली सुदानमध्ये हाइनरिक श्मुटरर या जर्मन कीटकशास्त्रज्ञाने पाहिले होते, की टोळधाडीनंतर सगळा परिसर उघडाबोडका झाला, पण कडुनिंब हिरवाच राहिला. १९६८ साली इंग्लंडमध्ये बटरवर्थ आणि मॉर्गन यांनी निंबोळीतून यामागचे मुख्य द्रव्य वेगळे काढले, ॲझाडिरॅक्टिन. वाळवंटी टोळाला ते इतके कडू लागते, की अब्जावधी भागांत काही मोजके भाग असले तरी तो तोंड फिरवतो. त्याची रचना इतकी गुंतागुंतीची, की प्रयोगशाळेत ते घडवायला केंब्रिजच्या स्टीव्हन ले यांच्या गटाला बावीस वर्षे लागली. २००७ साली ते जमले. आपल्या बांधावरचे झाड मात्र ते दर उन्हाळ्यात फुकट करते.

आता जालन्याकडे वळू. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा, भोकरदन, कुठेही जा, निंबोळी अर्क सगळ्यांना ऐकून माहीत आहे. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राचे नाव आपल्याला परिचित आहे, बदनापूरचे संशोधन केंद्र तुरीसाठी प्रसिद्ध आहे. शिफारशी पोहोचत नाहीत असे नाही. तरी अनेक जण एकदा अर्क फवारतात आणि पुन्हा त्या वाटेला जात नाहीत. कारण विचारले तर उत्तर ठरलेले असते. "सर, संध्याकाळी फवारलं, सकाळी पाहिलं तर अळी जित्तीच."

या एका वाक्यासाठी मी आज इथे बोलतो आहे. अळी जिवंत असणारच! निंबोळी अर्काचे पहिले काम अळीला मारणे नाही, तिच्या जिभेवरची साखर पुसणे आहे. रासायनिक औषधाचा हिशोब मेलेल्या अळ्या मोजून करतात. अर्काचा हिशोब पान पाहून करायचा. नवी छिद्रे पडली का? विष्ठेचे ताजे कण दिसतात का? चार-पाच दिवसांनी अळी वाढली का, की होती तेवढीच सुस्त पडून आहे? भुकेपोटी तिने थोडेफार खाल्लेच, तर ॲझाडिरॅक्टिन दुसरे काम करते. अळीला कात टाकायला जी संप्रेरके लागतात, त्यांत ते बिघाड करते. कात अडकली की अळी पुढे जात नाही. पण याला दिवस लागतात. सकाळी उठून मुडदे शोधणाऱ्याला ते दिसणार नाही.

आणि मुडदे दिसले नाहीत म्हणून माणूस काय करतो? दुकानातून जहाल औषध आणतो, कधी दोन-तीन औषधे एकत्र कालवतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. जो कीटक कडू लागताच माघारी फिरतो, त्याच्यासाठी प्रत्येक वेळी एवढी किंमत मोजायची का, हा प्रश्न आपण स्वतःला विचारायला हवा.

अर्काची रीत साधी आहे. उन्हाळ्याच्या शेवटी, पावसाच्या तोंडावर पिकून पडलेल्या निंबोळ्या गोळा कराव्यात, वरचा गर धुऊन त्या सावलीत वाळवाव्यात, बुरशी लागू देऊ नये. पाच किलो निंबोळ्यांची भरड दहा लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी, सकाळी फडक्याने पिळून गाळावी, त्यात दोनशे ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून एकूण शंभर लिटर पाणी करावे. हा झाला पाच टक्के अर्क. साबण एवढ्यासाठी, की अर्क पानावर पसरावा आणि चिकटावा. पान जिथे सुटले तिथे अळीला साखर लागली. फवारणी संध्याकाळी करावी, कारण उन्हाने ॲझाडिरॅक्टिन लवकर नासते. अर्क करून ठेवू नये, त्याच दिवशी वापरावा.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. अर्क लहान अळ्यांवर चालतो, बोटाएवढ्या वाढलेल्या अळीवर त्याचा जोर चालत नाही. गुलाबी बोंडअळी अंड्यातून निघाली की लवकरच बोंडात शिरते. एकदा आत गेल्यावर बाहेरचा अर्क तिच्या तोंडाला लागणारच नाही, मग चवीचा प्रश्नच उरत नाही. तिच्यासाठी कामगंध सापळे, वेळेवर पऱ्हाटी उपटणे, फरदड न घेणे हेच उपाय. शिवाय सगळ्याच कीटकांना कडुनिंब सारखा कडू लागत नाही. उत्तर अमेरिकेतला एक नाकतोडा वाळवंटी टोळाचा दूरचा नातलग, पण तो ॲझाडिरॅक्टिनला जुमानत नाही. कडूपणा पदार्थात असतो तितकाच खाणाऱ्याच्या जिभेतही असतो.

त्यात भुकेचाही वाटा आहे. 'भुकेला कोंडा, निजेला धोंडा' हे कीटकांनाही लागू. फळमाशी उपाशी राहिली की तिची गोडाची जाणीव तीव्र होते आणि कडूची बोथट होते. सवयीचाही वाटा आहे. सोयाबीन आणि भाजीपाल्यावर येणारी, तंबाखूची पाने खाणारी अळी आपल्याला माहीत आहे. तिला निव्वळ ॲझाडिरॅक्टिन लावलेले पान पुन्हापुन्हा दिले तर ती सरावते आणि खाऊ लागते. परंतु तेवढेच ॲझाडिरॅक्टिन असलेला निंबोळीचा अख्खा अर्क दिला तर सरावत नाही. हे १९९६ साली कॅनडातील बॉमफर्ड आणि इस्मन यांनी दाखवले. अर्कात एक नव्हे, अनेक कडू द्रव्ये असतात. एका कडूची सवय होते, दहांची होत नाही. घरच्या बादलीतला गढूळ अर्क बाटलीतल्या शुद्ध द्रव्याहून इथे सरस ठरतो.

हाच नियम उलट बाजूनेही कामाला येतो. जालन्याची मोसंबी प्रसिद्ध आहे, तिला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. या बागांत रात्री रस शोषणारा पतंग येतो, फळाला भोक पाडतो आणि फळ गळते. त्यासाठी गूळ, फळांचा रस आणि कीटकनाशक यांचे आमिष भांड्यांत ठेवतात. इथे आपल्याला पतंगाने प्यावे असे वाटते. तेव्हा 'दोन्ही चांगले, मग एकत्र करू' म्हणून आमिषात निंबोळी अर्क घालू नये. फवारणीत कडू हवे, आमिषात गोड निर्भेळ हवे.

आमिषाची गोष्ट निघाली म्हणून झुरळांचे सांगतो. स्वयंपाकघरात ओट्यामागे सापडणाऱ्या लहान तपकिरी झुरळांसाठी अमेरिकेत ग्लुकोज घातलेली विषारी आमिषे वापरत. काही वर्षांनी काही ठिकाणची झुरळे ती आमिषे शिवेनाशी झाली. १९९३ साली ज्यूल्स सिल्व्हरमन यांनी दाखवले, की त्यांना विषाची नव्हे, ग्लुकोजचीच घृणा वाटते आणि ही घृणा पिल्लांत उतरते. कारण उलगडले ते २०१३ साली. या झुरळांत ग्लुकोज कडूची पेशी जागी करते, आणि मग ती कडूची पेशी गोडाचा आवाज दाबते. साखरच कडू झाली! माणसाने गोडात विष घातले, आणि जी झुरळे जन्मतःच अशा उलट्या जिभेची होती तीच तगली.

यातून शेतीसाठी धडा घ्यायचा तो हा, की कोणताही एकच उपाय वर्षानुवर्षे रेटू नये. कीटकाची जीभ पिढ्यांबरोबर बदलते. कडू, सापळे, आमिष, मित्रकीटक, पेरणीची वेळ, सगळे आलटून पालटून वापरावे. औषध लागलेच तर ते शेवटी, मोजून आणि अंगभर कपडे, हातमोजे, तोंडाला मास्क लावून.

पावसाच्या तोंडावर आपल्या गावांत, शाळेच्या आवारात, पारावर, रस्त्याच्या कडेला निंबोळ्यांचा सडा पडतो आणि चिखलात जातो. पाच-पाच किलोची चार गाठोडी एका घराने बांधून ठेवली, तरी हंगामातल्या चार फवारण्यांचा अर्क होतो. या वर्षी तेवढे करून पाहा, आणि फवारल्यावर दुसऱ्या दिवशी अळी मोजू नका. पाचव्या दिवशी पान पाहा.